पूर्ण मापाची स्टेपनी

माझ्या बायकोइतकी हट्टी बाई अख्ख्या पुणे जिल्ह्यात झाली नाही, आणि पुढं कधी होणार असली तर तिच्या नवऱ्याला माझा आत्ताच नमस्कार. दुसऱ्या बायका रविवारी सकाळी नवऱ्याला मेथी निवडायला बसवतात, देवळात नेतात, फार तर माळ्यावरचा पसारा काढायला लावतात. आमच्या हिनं आमच्या शेवटच्या रविवारी मला गाडीची चाकं काढायला लावली. चार खालची आणि एक मागं टांगलेलं, अशी पाच. मोशीच्या आमच्या घरासमोर, ऊन डोक्यावर येईपर्यंत मी जॅक मारतोय आणि ही शेजारी पाटावर बसून नट मोजतीय, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. त्याच दिवशी संध्याकाळी ही गेली. आणि मधल्या वेळात आमचं शेवटचं भांडण झालं ते पण त्याच गोष्टीवरनं, जिच्यावरनं चार वर्षं होत होतं. मेळघाटला जाताना पाचवा टायर बरोबर न्यायचा का घरी ठेवायचा. ते भांडण मी जिंकलो. सगळ्या संसारात जिंकलेलं तेवढं एकच. कसं जिंकलो ते शेवटी सांगतो. आधी बाई काय होती ते ऐका, नाहीतर मी काय जिंकलो ते तुम्हाला कळायचं नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. पारनेरकडून पोटासाठी पिंपरीत आलो, एका गाड्यांच्या कंपनीत लागलो, कंपनीनं चाकणला प्लांट टाकला तसा मी पण चाकणला गेलो. काम एकच, गाडीत सीटा बसवायच्या. तीस वर्षं सीटा बसवल्या. आणि ही कोण, तर दापोडीच्या पंक्चरवाल्याची पोरगी. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला सासऱ्यांचं पत्र्याचं दुकान होतं. बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा ही पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघायची. बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, पोहे घेऊन येईल, मान खाली घालून बसेल. ती आली, पोहे ठेवले, आणि माझ्या भावाच्या मोटरसायकलकडं बघून म्हणाली, "मागच्यात हवा कमी आहे. दोघं बसून आलात का?" लग्न तिथंच मोडायला पाहिजे होतं. माझ्या भावानं मला कोपर मारलं, म्हणाला, "घे करून, पंक्चरचा खर्च वाचंल." असं माझं लग्न झालं. पुढं कधीही गाडीचा विषय निघाला आणि मी तोंड उघडलं की ही म्हणायची, "तुम्ही बसायचं बघा, चालायचं मी बघते." तीस वर्षं सीटा बसवणाऱ्या माणसाला घरात ही किंमत.

या बाईचा एक सिद्धांत होता. प्रत्येक वस्तूला दुसरी वस्तू पाहिजे, आणि दुसरी पहिलीच्या मापाचीच पाहिजे. बारकी नाही, जुनी नाही, तात्पुरती तर मुळीच नाही. आमच्या घरात पाच लिटरचे दोन कुकर, एकाच नंबरचे दोन चष्मे, दोन इस्त्र्या, दोन पाटे-वरवंटे. दोन पाटे-वरवंटे कुणाच्या घरात असतात? दगड काय मोडतो? मी विचारलं तर म्हणाली, "मोडला तर?" आळंदीला दर्शनाला जाताना खांद्याला ही मोठी पिशवी. त्यात आमच्या दोघांच्या चपलांचा आख्खा दुसरा जोड. मी म्हणायचो, अगं, लोक देवाला नारळ नेतात, तू चपला नेतेस. एकदा खरंच माझी चप्पल गेली. चांगली कातडी, नवी. मी तिथल्या पायरीवर बसून चोराच्या सात पिढ्या काढतोय, आणि ही शांतपणे पिशवीतनं दुसरा जोड काढून माझ्या पायापुढं ठेवतीय. रबरी सपाता नव्हत्या, तशीच कातडी, तशीच नवी. पायात घातल्यावर तोंड बंद होईल का नाही माणसाचं? तर हिनं बंद होऊ दिलं नाही. मोशीपर्यंत विचारत होती, "चावतात का? नाही ना? मग बोला ना काहीतरी." तिला शाबासकी पाहिजे होती. मी दिली नाही. मी म्हणालो, "आता हिचा जोड कुठाय? ही पण गेली तर?" तर दुसऱ्या दिवशी तिसरा जोड घेऊन आली. चूक माझीच.

पोरीचं लग्न जमवताना तर हिनं लाज आणली. एक स्थळ आलं होतं, चांगलं, शिकलेलं, माणसं सभ्य, भाड्याची मोठी गाडी करून आलेली. चहा झाला, बोलणी झाली, माझ्या मनानं मी अक्षता पण टाकल्या. त्यांना सोडायला म्हणून ही बाहेर गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, डिकी उघडा जरा, डबा ठेवायचाय." डबाबिबा काही नव्हता. आत वाकून बघितलं आणि घरात येऊन मला म्हणाली, "यांच्याकडं नको." मी म्हणालो, "का? पोराला काय कमी?" तर म्हणे, "स्टेपनी नाही. एवढी आठ माणसं घेऊन घाटातनं आले आणि मागं स्टेपनी नाही." मी म्हणालो, "गाडी भाड्याची आहे, गाढवे!" तर म्हणाली, "बसायच्या आधी बघायला पैसे पडतात का?" पुढं जो जावई केला तो मोटरसायकलवर आला होता. मी मुद्दाम विचारलं, "काय, याची स्टेपनी कुठाय?" तर म्हणे, "सीटखाली पंक्चरचं सामान होतं. मी बघितलं." जावई पोरगा म्हणून सोन्यासारखा निघाला, ही आणखी एक डोकेदुखी. त्याचं नाव निघालं की ही माझ्याकडं बघायची.

आता गाडीचं सांगतो. रिटायर झालो तेव्हा माझं म्हणणं होतं, वर एक खोली काढू. हिचं म्हणणं, खोली चाकावर काढू. का, तर बापाच्या दुकानात बसून हिनं लहानपणी येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला विचारलेलं, कुठनं आला, तिथं काय आहे. कुणी गुहागरचा, कुणी चंद्रपूरचा, कुणी तोरणमाळचा. ती सगळी नावं हिच्या डोक्यात पाठ. सासरे मात्र आयुष्यात लोणावळ्याच्या पुढं गेले नाहीत. "अर्ध्या महाराष्ट्राची चाकं माझ्या बापानं दुरुस्त केली आणि स्वतः कुठं गेला नाही," असं म्हणून ही अशी गप्प बसली की मला गाडी घ्यावी लागली. जुनी पिकअप, चारी चाकांना ओढ असलेली, डोंगरात चढणारी. तिच्या पाठीवर तळवड्याच्या एका शेडमध्ये पत्र्याची खोली बांधून घेतली. आत झोपायला फळी, शेगडी, पाण्याची टाकी, बारकी खिडकी. हिंजवडीत कामाला असलेला आमचा पोरगा त्याला कॅम्पर म्हणतो. गल्लीतल्या लोकांना वाटलं मी वडापावची गाडी टाकतोय. पहिल्याच सहलीला भंडारदऱ्याला एक माणूस खिडकीत हात घालून म्हणाला, "काका, दोन कटिंग." हिनं त्याला करून पण दिले.

दगडधोंड्यातनं जायचं म्हणून हिनं गाडीला मोठे टायर टाकले. तिथंच घोटाळा झाला. गाडीबरोबर आलेली स्टेपनी होती बारकी, आणि खालची तिची जागा पण बारकी. नवा टायर काही त्या जागेत जाईना. मी म्हणालो, आहे तीच बारकी राहू दे, पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यापुरती. झालं! पंक्चरवाल्याच्या पोरीपुढं मी हे बोललो. "डोंगरात कुठाय तुमचं दुकान? अडचण काय अर्धी येती का? मग तिचा इलाज अर्धा कशाला? आणि चारी चाकं ओढत असताना एक लहान एक मोठं लावलं तर आतले दात तुटतील गाडीचे, कळतं का?" मला कळत नव्हतं. मी सीटवाला. पाचवा टायर त्याच मापाचा आला. लोखंडी चकतीसकट वजन असं की उचलला तर कंबर आठ दिवस आठवण काढते.

आधी तो टपावर ठेवला. खडकीला एका वडाच्या फांदीनं त्याला अडवलं, तो निम्मा सरकून पुढच्या काचेवर लोंबायला लागला, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून मला शिव्या घालायला लागले. मग तो आत आला. झोपायच्या फळीवर. पूर्ण एक सहल आम्ही अशी काढली, एका कडेला मी, एका कडेला ही, आणि मधे जावई झोपल्यासारखा काळा टायर. रबराच्या वासानं माझं डोकं उठलं. हिला मात्र झोप अशी लागली की सांगायची सोय नाही. सकाळी म्हणते, "माहेरी आल्यासारखं वाटलं." मग तळवड्याच्या त्या शेडवाल्यानं मागच्या दारावर एक लोखंडी हात बसवून दिला, दारासारखा उघडणारा, त्यावर टायर टांगायचा. आता या हाताची गंमत ऐका. तो बाहेरूनच उघडतो. आणि तो बंद असला की मागचं दार उघडत नाही. म्हणजे आत असलेल्या माणसानं काय करायचं? मी शेडवाल्याला विचारलं, तर तो हिच्याकडं बघायला लागला. हिनंच तसं करायला सांगितलेलं, चोर टायर नेईल म्हणून. मला म्हणाली, "आपण हात उघडा ठेवूनच झोपायचं. त्यात काय?"

त्यात काय ते नाणेघाटात कळलं. गाडी जरा उतारावर लागलेली. पहाटे वारा सुटला आणि तो हात टायरसकट आपला आपण फिरून खाडकन बंद झाला. आम्ही दोघं आत. आणि माझं वय असं की पहाटे उठलो की थांबता येत नाही. मी दार ढकलतोय, दार हलत नाही. शेवटी त्या बारक्या खिडकीतनं निघायचं ठरलं. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. बाहेर कॉलेजची दहा-बारा पोरं सूर्य उगवताना बघायला आलेली, त्यांनी सूर्य सोडला आणि माझ्याकडं मोबाईल धरला. ही मागनं माझे पाय ढकलतीय आणि म्हणतीय काय? "अहो, पण कडी बघा ना किती घट्ट बसली. टायर काही कोणी नेत नाही." त्या दिवसापासून मी रोज तिला म्हणायचो, हा टायर घरी ठेव. दार मोकळं राहील, वजन कमी होईल, त्याच्या जागी पाण्याचा दुसरा कॅन बसेल. रोज. जेवताना, चहाला, टीव्ही बघताना. आणि ती रोज एकच म्हणायची, "बरं, झालं बोलून? आता भाकरी खा."

खरं सांगायचं तर चार वर्षांत आम्हाला त्याची गरज एकदाही पडली नाही. एकदा माळशेजकडून येताना एक टोमॅटोवाला पिकअप घेऊन रस्त्यात उभा होता, त्याचा टायर फाटलेला, स्टेपनीचा पत्ता नाही, टोमॅटो उन्हात. गाडी आमच्यासारखीच, टायर पण त्याच मापाचे. हिनं उतरून आधी त्याला धुतला. "लाज नाही वाटत का रे, माल भरून निघतोस आणि मागं काही नाही?" तो बिचारा मान खाली घालून, "चुकलं ताई." मग आमचा टायर काढून त्याला दिला. "मागच्या बाजूला लाव, पुढं लावू नको, सावकाश जा, आणि आठ दिवसात मोशीला आणून दे." घराचा पत्ता तेवढा सांगितला, त्याचं नाव विचारलं नाही, नंबर घेतला नाही. मी म्हणालो, "गेला तुझा टायर." आठ दिवस हिनं गाडी जागची हलू दिली नाही, आणि रोज संध्याकाळी गेटाशी जाऊन उभी राहायची. नवव्या दिवशी तो माणूस आला, टायर धुऊन पुसून, वर टोमॅटोचं एक क्रेट. हिनं आत येऊन देवापुढं साखर ठेवली. एका टायरपायी देवापुढं साखर! मी हसलो. मग तिनं मला ती जुनी गोष्ट परत सांगितली, आणि माझं हसणं जरा कमी झालं.

गोष्ट अशी. ही आठ-नऊ वर्षांची असताना सासऱ्यांच्या दुकानात मेळघाटचा एक ट्रकवाला यायचा, बांबू घेऊन. तो हिला सांगायचा, आमच्याकडं रस्त्याला पूल नाही, नदीच रस्त्यावरनं जाते, गाडी सरळ पाण्यात घालायची आणि पलीकडं काढायची. एकदा त्याचा टायर गेला. त्याला निघायची घाई. मापाचा टायर दुकानात नव्हता. सासऱ्यांनी एक जुना, जरा लहान टायर लावून दिला, म्हणाले, "घरापर्यंत चालंल." तो म्हणाला, "आठ दिवसात परत आणतो, आणि पोरीला मध आणतो." तो परत आला नाही. पुढं कधीच नाही. सासरे कितीतरी वर्षं नागपूरकडचा ट्रक दिसला की काम सोडून उठायचे आणि ड्रायव्हरचं तोंड बघायचे. मी हिला म्हणायचो, "अगं, ढापला त्यानं टायर. आणि तुझा मध पण." तर ही म्हणायची, "ढापला असला तर देव पावला."

म्हणून मेळघाट. बाकी सगळी नावं झाली, हे एक राहिलेलं. मी म्हणालो, एवढ्या वर्षांनी तिथं कोण तुला ओळखणार आणि तू कुणाला? तर म्हणाली, "ओळखायचं नाही कुणाला. नुसतं पाण्यातनं गाडी काढून बघायची. पोचता येतं का ते बघायचं."

आणि जायच्या आधी चाकं फिरवायची, हा तिचा नेम. लोक चार चाकं आलटून पालटून लावतात, ही पाच लावायची. प्रत्येक टायरवर पांढऱ्या रंगानं आकडा घातलेला. मागं टांगलेला खाली यायचा, खालचा एक वर जायचा. मी म्हणायचो, अगं, स्टेपनी नवी आहे ती नवीच राहू दे ना. "नाही. तो नुसता बसून राहिला आणि बाकीचे म्हातारे झाले तर वेळेला त्यांचं जमायचं नाही. सगळ्यांनी बरोबर झिजलं पाहिजे." आणि मग हवा. हवा भरायचं बारकं मशीन तिच्याकडं होतं, आणि हवा मोजायचं एक गेज, पेनाएवढं. ते तिच्या कमरेच्या पिशवीत, आणि दुसरं तसंच माझ्या खिशात, सांगायलाच नको. भरल्यावर मोजायची, निघताना मोजायची, पोचल्यावर मोजायची. गेज लावलं की फुस्स करून थोडी हवा बाहेर यायची. मी म्हणायचो, "मोजून मोजूनच संपवशील." "जाऊ द्या. परत भरू. काय हवेचा तोटा आहे का?" नट मी आवळायचे, पण प्रत्येक नटाचा शेवटचा पीळ तिचा. माझा हात सीटा बसवायचा, त्याच्यावर भरवसा नाही. आवळून झालं की बोटाच्या मागच्या हाडानं टायरवर दोन टकटक. रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या गाड्यांना पण. संत तुकाराम नगरात एका लग्नाला गेलो होतो, तिथं वॉचमननं हिला गाड्यांची हवा सोडणारी समजून धरलं होतं. ते जाऊ दे, ते सांगत बसलो तर दिवस जाईल.

तर तो रविवार. दोन-तीन दिवस हिला जळजळ होत होती, पित्त झालंय म्हणून ओवा चावत होती. मी म्हणालो पण, "डॉक्टरला दाखवू." म्हणाली, "मेळघाटहून आल्यावर." सकाळी चार चाकं झाली. तीन नंबरचा टायर मागं टांगायचा राहिला होता, जमिनीवर आडवा पडलेला. त्यात हवा भरून झाली, मोजून झाली. मी कंबर धरून उभा, घामानं निथळतोय, आणि माझी नेहमीची टेप लावली. "हा राहू दे घरी. दार मोकळं राहील. पाण्याचा दुसरा कॅन बसेल. चार वर्षांत एकदा तरी लागला का आपल्याला?" आणि भाकरीची वाट बघत उभा राहिलो.

ती त्या टायरवर बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "बरं. राहू दे. तुम्ही म्हणता तसं."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी तिथल्या तिथं पोरीला फोन लावला, "तुझी आई हरली!" पोरगी म्हणाली, "बाबा, आई बरी आहे ना?" पोरीला फोनवर कळलं. मी समोर उभा होतो, मला कळलं नाही. मी हातपाय धुतले, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, पाण्याचा दुसरा कॅन आणून दाराशी लावून बघितला, बसला. मस्त बसला. ही जेवली नाही, म्हणाली पडते जरा. पाचच्या सुमाराला चहा घेऊन गेलो तर पांढरी पडलेली, छाती धरून बसलेली. गाडी दारातच होती. तिला पुढं माझ्या शेजारी बसवलं, पट्टा लावला आणि निघालो. गेटातनं बाहेर पडताना तिनं मान वळवून बाजूच्या आरशात बघितलं. अंगणात तो टायर पडलेला दिसत होता. मी म्हणालो, "अगं, दवाखाना हा इथं आहे. एवढ्याला काय स्टेपनी लागती?" ती हसली. दवाखान्यात पोचलो तेव्हा ती नव्हती.

पस्तीस वर्षं जी बाई चपलेच्या जोडावरनं ऐकून घेत नव्हती, ती एका शब्दात हो म्हणाली, आणि मला वाटलं मी जिंकलो. एवढा मी मूर्ख. पित्त नव्हतं ते. तिच्या अंगात भांडायचा जीव राहिला नव्हता, आणि मी कॅन बसतो का बघत होतो.

रात्रीच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. कोपऱ्यात दिवा. सावडायला निघायची वेळ व्हायची होती. मी उठलो, अंगणात गेलो, टायर वर चढवायची फळी आणली. ती लावायची तशी, एक टोक जमिनीवर, एक त्या लोखंडी हाताला. टायर उभा केला आणि ढकलायला लागलो. मेव्हणा आतनं ओरडला, "दाजी, सुतकात काय हे? लोक काय म्हणतील?" पोरगा पळत आला, माझा हात धरला, म्हणाला, "बाबा, आत चला." मी म्हणालो, "फळी हलतीय, ती धर." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खाली बसून फळी धरली. दोनदा टायर खाली आला. तिसऱ्या वेळी बसला. नट लावले, एक हा, मग त्याच्या समोरचा, तिनं सांगितलं होतं तसे. पोरगा म्हणाला, "बस झालं बाबा, घट्ट आहेत." मी परत पहिल्यापासून सुरू केलं आणि प्रत्येकाला आणखी एक पीळ दिला. मग बोट वाकवून टायरवर दोनदा टकटक केलं.

खिशातनं गेज काढलं. टायरच्या हवेच्या नळीचं झाकण फिरवून काढलं, गेज नळीच्या तोंडाशी नेलं. आणि हात थांबला. मोजायला गेलं की थोडी हवा जातेच. आणि ती आदल्या दिवशी तिनं भरलेली होती. झाकण परत घट्ट लावलं, गेज खिशात टाकलं, आणि आत जाऊन बसलो.